जाड तेल

"जाडच तेल दे. जीप विकायचीय. उद्या गिऱ्हाईक येतंय, तेवढा वेळ धूर दिसला नाही म्हणजे झालं," तातोबा दुकानदाराला म्हणाला. प्रवासी भरून वडापची जीप चालवून चालवून त्याची कंबर गेली होती.

तेवढ्यात गिऱ्हाइकाचाच फोन आला. "काका, उद्या थेट न्यायलाच येतो. आई म्हणते, तातोबांची जीप तपासायची कशाला?"

तातोबाने डबा परत सरकवला. "इंजिन आतून साफ करणारं दे. लई तेल पिते ती."

"त्याचा गुण यायला महिने लागतील. धूर उद्या दिसणारच."

"दिसू दे."

दुसऱ्या दिवशी तातोबानेच धूर दाखवला. गिऱ्हाईक हळहळत परतलं. तातोबाने कंबरेचा पट्टा आवळला, जीप स्टँडवर नेली आणि थकल्या आवाजात ओरडू लागला, "चला, पाटण, पाटण!"