मरांगूल रेडिओचा शेवटचा शुक्रवार

"क्लेम, आधी रेडिओचा आवाज कमी करा!" निवेदिका ग्लेनिस तिसऱ्यांदा ओरडली.

पण ऐकतो कोण! ऑस्ट्रेलियातल्या मरांगूल गावच्या या रेडिओवर बोललेलं सात सेकंद उशिरा बाहेर पडतं. कुणी शिवी हासडलीच तर वेळेत गाळता यावी, म्हणून ही सोय. फोन करणाऱ्याच्या घरात रेडिओ मोठ्याने चालू असला, की तेच बोलणं सात सेकंदांनी फोनमधून परत आत येतं, पुन्हा बाहेर जातं, पुन्हा आत. आत्ताही ग्लेनिसच्या कानात तिचाच वैतागलेला आवाज घुमत होता. आवाज कमी करा, आवाज कमी करा. शाळेतल्या पोरालाही कळतं हे, आणि हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा घोडा!

बरं, एक दिवसाची गोष्ट असती तर सोडून दिली असती. अकरा वर्षं! दर शुक्रवारी सकाळी 'अदलाबदल' हा कार्यक्रम लागायचा. कुणाला जुना पंप विकायचाय, कुणाला कोंबड्या देऊन सायकल हवीय. त्यात क्लेमचा फोन ठरलेला. "ग्लेनिस पोरी, मला एवढंच सांगायचंय की..." एवढं म्हणेपर्यंत घुमायला लागायचं, आणि ग्लेनिस लाइन तोडायची. नियम म्हणजे नियम.

आज तर तिचं डोकं आधीच फिरलं होतं. शेचाळीस वर्षांचं स्टेशन आज बंद होत होतं. सोमवारपासून बातम्या सिडनीहून, गप्पा सिडनीहून, गावचा फोन घेणारं कुणी नाही. म्हणून आज लोकांनीच स्टेशनचा इतिहास सांगायचा होता. लोकरीच्या गोदामावरच्या खोलीत ते कसं सुरू झालं. पुराच्या साली कुठला रस्ता पाण्याखाली गेला हे तीन दिवस, तीन रात्री कसं सांगितलं. नगराध्यक्ष रागाच्या भरात कसे इथेच राजीनामा देऊन बसले. छान रंगलं होतं सगळं. आणि मध्येच हे क्लेमचं भूत.

"तोडू?" तंत्रज्ञ वॉरिकने बटणावर बोट ठेवलं.

"नको. घुमू दे काय घुमायचं ते. आज कारण कळल्याशिवाय मी यांना सोडत नाही." ती माइककडे वळली. "क्लेम, अहो, काय वैर आहे तुमचं माझ्याशी? बटण फिरवायला हात मोडलाय का?"

"रेडिओ बेरिलच्या हाताशी आहे गं. मी हात लावला तर खाऊन टाकील."

"मग बायकोला सांगा की!"

"ती बोलत नाही माझ्याशी. अकरा वर्षं झाली."

ग्लेनिसने माइक जवळ ओढला. तिच्या जुन्या वाक्यांची गर्दी मागे घुमतच होती.

"तुमच्याच 'अदलाबदल'मध्ये घडलं," क्लेम घाईघाईने बोलू लागला. लाइन मध्येच तोडली जाण्याची त्याला सवय होती. "मला एक मेंढा हवा होता. बदल्यात बेरिलच्या आईचा पियानो देऊन टाकला. तिला न विचारता. तुझ्या आधी कार्यक्रम करायचा त्या बाबाने विचारलं, अहो, पियानो का देताय? मी फुशारकीने म्हटलं, घरात जी वाजवते तिला वाजवता येत नाही, तो नुसता गोंगाट. आख्खा तालुका हसला. ती चर्चमध्ये दर रविवारी वाजवायची. त्या दिवसापासून तिथे गेली नाही. मेंढाही महिन्याभरात मेला."

"अरे कर्मा! मग माफी मागायची ना घरी!"

"हज्जारदा मागितली. तिने फ्रिजवर चिठ्ठी लावून ठेवलीय. रेडिओवर बोललास, रेडिओवरच परत घे. घरात समोरासमोर माझ्या तोंडून ऐकलेलं ती धरतच नाही."

"शेजारी जाऊन फोन करायचात! तिथून तरी आवाज घुमला नसता."

"आणि ती ऐकतेय की नाही, हे कोण बघणार?"

ग्लेनिसने डोक्याला हात लावला. अकरा वर्षांतले सगळे शुक्रवार तिला आठवले. या माणसाची माफी तिने दर आठवड्याला स्वतःच्या हाताने तोडली होती. तिला स्वतःची लाज वाटली. आणि सोमवारपासून हा फोन लागणारच नव्हता.

"बोला क्लेम," ती म्हणाली. "मी काही तोडत नाही. वॉरिक, बटणावरचं बोट काढ."

"बेरिल," क्लेम म्हणाला. "तुला उत्तम वाजवता येतं. तालुक्यात तुझ्यासारखं कुणाला येत नाही. मी खोटं बोललो. गाढव आहे मी. पियानो माझा नव्हता."

मग तो थांबला. ग्लेनिसही थांबली. सात सेकंद एवढे लांब असतात हे तिला आजवर माहीत नव्हतं. मग फोनमधून, त्या लांबच्या स्वयंपाकघरातल्या रेडिओवरून, क्लेमचा आवाज आला. बेरिल. तुला उत्तम वाजवता येतं. शेवटच्या शब्दापर्यंत सगळं आलं.

खट्. रेडिओ बंद झाला.

फोनमध्ये खुर्ची सरकली. "सरक, दे इकडे," असं कुणीतरी फणकाऱ्याने म्हणालं आणि एक बाई फोनवर आली. "हॅलो. मी बेरिल."

इतक्या वर्षांचा वैताग ग्लेनिसच्या तोंडून बाहेर पडलाच. "बेरिल, अहो अकरा वर्षं मी घसा फोडतेय! एक दिवस, एकच दिवस आवाज कमी केला असतात, तर हे तेव्हाच मिटलं असतं!"

"कमी कसा करणार गं?" बेरिल म्हणाली. "नेमकं तेवढ्यात तो बोलला असता तर?"