एक शिकलेला, एक न शिकलेला

मॅडमने खुर्ची फडक्याने पुसली, पुन्हा पुसली, मग कशीबशी टेकली. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांसमोर, म्हणजे होळकरांच्या दगडी समाध्यांसमोर, तुकोजीची रेडिओ-टीव्ही दुरुस्तीची गुमटी म्हणजे एक खोकं. त्यात तुकोजी, वसुंधरा मॅडम, मॅडमची जाडी फाइल, आणि मागे पडद्याआड चहा उकळणारा आनंदराव.

"मिलमध्ये किती वर्षं होता?"

"बाईस. लूमवर. पर्मनंट," तुकोजी म्हणाला. "आजोबा होळकरांच्या घोडदळात होते मॅडम. आपल्या खानदानात कच्चं काम नाही."

मिलचा भोंगा बंद होऊन तीन वर्षं झाली होती. बंद करताना कुणी विचारायला आलं नाही. मग सरकारला दया आली. पर्मनंटवाल्यांना सहा महिने टीव्ही दुरुस्ती शिकवली, वर सर्टिफिकेट दिलं. सर्टिफिकेट दाखवलं की गुमटीचा परवाना. आता भोपाळच्या हापिसाला खाज सुटली होती, की शिकवल्यामुळे माणूस खरंच जास्त कमावतो का? म्हणून मॅडम आली. एक शिकलेला धरायचा, त्याच खात्यातला एक न शिकलेला धरायचा, दोघांची कमाई लिहायची, वजाबाकी करायची. झालं काम. मिलमध्ये छाती कापसाने भरून घेतलेल्या माणसांची ही वजाबाकी!

फरक दिसला तर दुसरी बॅच निघणार होती, तीत बदलीवाल्यांनाही घेणार होते. नाही दिसला तर सेंटरला कुलूप.

आनंदराव बदलीवाला. पर्मनंट आला नाही की त्याच्या जागी उभा राहायचा. अकरा वर्षं त्याने असा तुकोजीचा लूम चालवला, पण मस्टरवर नाव चढलं नाही. आणि नाव नाही म्हणून सर्टिफिकेट नाही, गुमटी नाही. घरी मीराबाईने भिंतीत खिळा ठोकून ठेवला होता. वर काहीच टांगलेलं नाही, नुसता खिळा. "तुमच्या नावाचा कागद येईल तेव्हा लावू," म्हणायची.

"आता महिन्याची कमाई?" मॅडमने पेन उघडलं.

"अठराशे. दिवाळीत दोन हजार."

"वर्गात नियमित जायचा?"

"शाळा आपण चौथीत सोडली मॅडम. मास्तर दिसला की अजून अंगावर काटा येतो. पण रजिस्टर बघा, तुकोजी फाळकेच्या नावापुढे एक खाडा दाखवा, मिशी उतरवतो."

मॅडमने रजिस्टरची नक्कल पाहिली. खाडा नव्हता. वर शेरा होता : उत्तम.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक टीव्ही उचलून धापा टाकत आलं. "भिया, आवाज येतो, चित्र नाही. जरा खोलून बघ ना."

तुकोजीने खोक्यावर दोन टिचक्या मारल्या, कान लावला. "संध्याकाळी ये."

"अरे, पण खोल तर!"

"खोलून बघतात ते कच्चे मेकॅनिक. जा."

गिऱ्हाईक गेलं. तुकोजीने टीव्ही पडद्यामागे सरकवला. मॅडमने फाइलमध्ये लिहिलं : आत्मविश्वास, भरपूर.

"आता तुम्ही या बाहेर."

आनंदराव चहाचे कप घेऊन आला. मॅडमने कप घेतला, प्यायली नाही.

"तुम्ही काय करता?"

"पुसपास. चहापाणी."

"मिळतात किती?"

"चारशे, महिन्याला."

"दुरुस्ती येते काही?"

आनंदराव जमिनीकडे बघत म्हणाला, "नाही जी."

"याला?" तुकोजी हसला. "याला स्क्रूचा पेचकस उलटा की सुलटा तेही नाही कळत. आनंद्या, सांग मॅडमला, पिक्चर ट्यूब कुठे असते?"

"पुढे असेल," आनंदराव म्हणाला.

"असेल म्हणतो! बघा!"

"बोटांना काय झालं?" मॅडमने विचारलं. बोटांच्या शेंड्यांवर बारीक बारीक काळे चट्टे होते.

"स्टोव्ह, मॅडम."

"साधा स्टोव्ह नाही सांभाळता येत." मॅडमने सुस्कारा टाकला. हापिसातली माणसं टाकतात तसा, आधीच तयार ठेवलेला. "दुसऱ्या बॅचमध्ये नाव घालायचंय म्हणता. सहा महिने एका जागी बसायचं असतं. जमेल?"

"जमेल," आनंदराव पटकन म्हणाला. मग हळूच, "मास्तर तेच आहेत का जी?"

"नाही, त्यांची बदली देवासला झाली. नवे येतील."

"मग जमेल."

मॅडमने अठराशेतून चारशे वजा केले, खाली दोन रेघा ओढल्या. "फरक डोळ्यांना दिसतोय. एक शिकलेला, एक न शिकलेला. एका खोक्यात दोन दुनिया!" वाक्य तिला फार आवडलं. रिपोर्टात टाकायला तिने ते लिहूनही घेतलं, आणि चहा तसाच ठेवून ऑटोत बसली.

हापिस खूश झालं. चौथ्या महिन्यात दुसरी बॅच निघाली. यादीत पहिलंच नाव, आनंदराव वानखेडे. मीराबाईने शर्टाला तांब्यात निखारे घालून इस्त्री केली. "नाव पुकारलं की मोठ्याने हजर म्हणा," तिने बजावलं. "आयुष्यात पहिल्यांदा पुकारणार."

आनंदराव पहिल्या बाकावर बसला. नवे मास्तर काविळीने पडले होते, म्हणून आठ दिवसांसाठी जुनेच श्रीकृष्ण मास्तर देवासहून आले होते. ते आत आले, रजिस्टर उघडलं, चष्मा लावला.

"आनंदराव वानखेडे!"

आनंदराव खाली मान घालून उभा राहिला.

मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा एकदम फुलला.

"अरे वा, तुकोजी! गेल्या बॅचला पहिला नंबर काढलात, आता परत कशाला आलात? बसा, बसा. हा आनंदराव कुठंय?"