विजेच्या बाजाची परीक्षा

"मास्तर, बटन फिरवू का? बाई बसल्या ना?" देवरावनं विचारलं.

किसनरावांनी आत पाहिलं. सत्यभामाबाई डोईवर पदर घेऊन, बैठकीकडे पाठ करून वाती वळत होत्या. परका पुरुष घरात आला की त्या अशाच बसत.

"बसली. फिरव."

देवराव अकोल्यात रेडिओ दुरुस्त करी. जुन्या रेडिओंच्या सामानातून त्यानं हा विजेचा बाजा जुळवला होता. किसनरावांचा नाटक कंपनीतला एक सोबती मुंबईत भुताचा सिनेमा काढत होता. त्याला अंगावर काटा आणणारं संगीत हवं होतं, आणि वऱ्हाडातलं निवडायचं काम त्यानं अमरावतीच्या या पेटीमास्तरावर टाकलं होतं. पास झाला तर देवराव मुंबईला, नाहीतर बाप म्हणत होता तसा कापसाच्या जिनात.

किसनरावांची परीक्षा सोपी होती. नवी चाल बायकोच्या पाठीमागे वाजवायची. मत विचारायचं नाही. माणूस तोंडदेखलं बोलतो, हात बोलत नाही. वातीवरचा हात थांबला की चाल पास. हा हात कधी चुकला नव्हता. गेल्या उन्हाळ्यात बाई मुदतीच्या तापातून उठल्या, तेव्हापासून तर परीक्षा फारच कडक झाली होती. कुणीच पास होत नव्हतं. एरवी बाई निवळल्या होत्या. उलट उत्तर नाही, आणि नवरा बोलू लागला की त्याच्या तोंडाकडे टक लावून बघणं. उतारवयात बायकोला आपलं तोंड आवडू लागलं म्हणून स्वारी खूश होती.

बाजा आधी नुसता घुमला. मग विहिरीतून कुणी वर चढून यावं तसा एक सूर चढत आला. किसनरावांच्या अंगावर सर्रकन काटा आला. शेजारचं पोर भेदरून रडायला लागलं.

आतला हात वाती वळतच राहिला.

"नाही जमलं, देवराव."

"काहून, मास्तर? तुमाले सोताले कसं वाटलं, थे तं सांगा!"

"माझं सोड. तिचा हात थांबला नाही."

देवरावनं बाजा फडक्यात गुंडाळला आणि तो निघून गेला.

पुढं कळलं, त्यानं बाजा खोलून त्याचं सामान गिऱ्हाइकांच्या रेडिओंत बसवून टाकलं आणि तो जिनात लागला. किसनरावांचा जीव हळहळला. आपण घाबरलो होतो, एवढं सांगायला काय जात होतं? एका हुन्नरी पोराची आपण माती केली, आणि तो सूर आता त्याच्याही हातून निघायचा नव्हता.

एका दुपारी सत्यभामाबाईंनी त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि पाठ फिरवून ज्वारी निवडायला घेतली. चहा तसाच ठेवून किसनरावांनी पेटी ओढली. तो सूर निदान आपल्याला तरी सापडतो का ते बघावं, म्हणून ते इरेला पेटले. भाता जोरजोरात हलवत त्यांनी साऱ्या पट्ट्या धुंडाळल्या. घर दणाणलं.

सत्यभामाबाई खडे वेचता वेचता, मागं न बघता म्हणाल्या, "अवो, लय दिस झाले, तुमी पेटीले हातच नाही लावला."