पुलाअलीकडे शून्य

आरोग्याधिकाऱ्याच्या नातीच्या घशात राखाडी पडदा दिसला आणि मोठ्या सिस्टरांनी चमचा ट्रेमध्ये ठेवून दिला.

“घटसर्प,” त्या म्हणाल्या.

“शक्य नाही,” आरोग्याधिकारी म्हणाला. “तीन वर्षांत आपल्याकडे घटसर्प नाही.”

पोर त्याच्या सुनेच्या मांडीवर होतं आणि श्वास घेताना कण्हत होतं. मागे भिंतीवर त्याचा लाडका फळा होता. नदीच्या अलीकडे घटसर्पाचे रुग्ण शून्य, पलीकडे चाळीस. चाळीस खडूने लिहिलेले, कारण तो आकडा वाढायचा. शून्य मात्र त्याने पेंटर बोलावून ऑइलपेंटने काढून घेतलं होतं. येईल त्याला तो हा फळा दाखवायचा. रोग हवेतून येत नाही, गबाळ्या घरांतून येतो, असं त्याचं एक आवडतं वाक्य होतं. दवाखान्यात रुग्ण सापडला की तो आधी सिस्टरांवर खेकसायचा. हाताखालचे लोक त्याला पाठीमागे ‘शून्यसाहेब’ म्हणत. ते एकदा त्याच्या कानावर आलं होतं. त्याला ते कौतुक वाटलं होतं.

“बाबा, तिला श्वास घेता येत नाहीये,” सून म्हणाली.

“सीरम काढा सिस्टर. उभ्या काय राहिलात?”

“सीरम नाही, साहेब. मागच्या वर्षी जितके रुग्ण, तितक्या कुप्या मिळतात. आपला आकडा शून्य, कुप्याही शून्य.” सिस्टरांचा आवाज जराही चढला नाही. कितवी बस पकडायची ते सांगावं तसं त्या पुढे सांगू लागल्या. “हिला पलीकडच्या दवाखान्यात न्या. तिथे पत्ता विचारतील. अलीकडचा सांगितलात तर आपली चिठ्ठी मागतात, आणि चिठ्ठी दिली की रुग्ण आपल्या नावावर चढतो. चिठ्ठी द्यायची नाही, ही तुमचीच ताकीद आहे. तेव्हा सांगा, पाण्याच्या टाकीमागे, घर नंबर सात.”

“कोण राहतं तिथे?”

“राहतं कुणीतरी.”

इतकी हुशार बाई आपल्या हाताखाली आहे हे त्याला आजवर माहीत नव्हतं. पूल ओलांडेपर्यंत तो ‘घर नंबर सात’ पुटपुटत होता.

पलीकडच्या दवाखान्यात फिनेलचा वास होता, बाकं भरलेली होती आणि कोपऱ्यातल्या स्टोव्हवर काचेच्या सिरिंजा उकळत होत्या. त्याने नाकाला रुमाल लावला. डॉक्टरीणबाईंनी पोरीचा घसा पाहिला आणि कुणाला काही विचारलं नाही. “आधी सुई, मग कागद,” एवढंच म्हणाल्या. सीरम सोसतं का ते बघायला पोरीच्या हातावर एक बारीक टोचणी दिली, घड्याळाकडे बघत थांबल्या, हात लाल होत नाही अशी खात्री केली आणि मग सावकाश सीरम दिलं. नंतर बराच वेळ नाडीवर बोट ठेवून बसल्या. शेवटी म्हणाल्या, “वाचेल. वेळेत आणलंत.”

मग त्यांनी जाड वही ओढली. आरोग्याधिकाऱ्याने पत्ता सांगितला. त्यांनी मान वर न करता लिहून घेतला.

जीव भांड्यात पडला तशी त्याची जीभही सुटली. “बाई, राग मानू नका, पण चाळीस आकडा शोभत नाही. लोकांना जरा शिस्त लावा. आमच्याकडे बघा.”

“तुमच्याकडेच बघते आहे, रोज.” डॉक्टरीणबाईंनी रकान्यावरून बोट खाली नेलं. “घर नंबर सात. घर नंबर सात. पुन्हा घर नंबर सात. चाळिसांतले एकतीस जण तिथे राहतात, तुमची नात बत्तिसावी. घर नाही ते, साहेब. आमचं धुणं वाळत घालायचं आवार आहे. नियम आहे म्हणून आसपास लस टोचायला दोनदा माणसं पाठवली. धुणंवाल्या मावशी तेवढ्या सापडल्या. त्यांना दोनदा टोचून झालंय.”

“मग तुम्ही लिहून कशाला घेतलंत?”

“पोराचा घसा बघू की घर? चिठ्ठीसाठी परत पाठवलं तर दिवस जातो. तेवढा दिवस या रोगात नसतो.” त्या सुनेकडे वळल्या. “कुठल्या शाळेत जाते ही?”

“टेकडीवरच्या. दुसरीत आहे.”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. “एकतिसांतली अकरा तिथलीच. पोरं शाळा खरी सांगतात. मी तुमच्या सासऱ्यांना दोन पत्रं टाकली, त्या शाळेला लस द्या म्हणून. उत्तर आलं, आमच्याकडे घटसर्प नाही, आपण आपलं घर सांभाळावं. अलीकडचा एक जरी खरा पत्ता वहीत आला असता, तरी वरून हुकूम आणून मीच माणसं पाठवली असती. पण खरा पत्ता सांगेल कोण?”

सून सासऱ्याकडे वळली. “बाबा, सांगा खरा.”

त्याने रुमालाने मान पुसली. “सांगतो ना. नाही कोण म्हणतंय? पण शनिवारी सत्कार आहे, मंत्री येताहेत. सोमवारी दुरुस्त केलं तर चालेल?”

डॉक्टरीणबाईंनी वहीचं तोंड सुनेकडे फिरवलं.

सुनेने ‘घर नंबर सात’ खोडलं आणि वर खरा पत्ता घातला. घराचा नंबर, गल्ली, मजला, आणि कुटुंबप्रमुखाच्या जागी सासऱ्याचं हुद्द्यासकट नाव. अक्षर जरा वाकडं आलं, पण वाचता येत होतं. मग तिने पेन परत दिलं.

“लसवाली माणसं उद्या सकाळी सातलाच पाठवा,” ती म्हणाली. “शाळा साडेसातला भरते.”