सावलीत वाळणारी मडकी

अशी कल्पना कर, की तू दहा वर्षांची आहेस आणि तुमच्या अंगणात मडकी घडतात. या गोष्टीतल्या वैजूचं घर तसंच होतं. तिच्या सरूआत्याला काही वर्षांपूर्वी इतर कुणालाच ऐकू न येणारे आवाज यायचे. आता गोळ्यांनी ती सावरली होती आणि पुन्हा चाकावर बसत होती.

एकदा मडकं घ्यायला आलेली शेजारीण वैजूला हसत म्हणाली, "नाक आत्याचं, हट्ट आत्याचा. डोकंही तसंच निघायचं." तेव्हापासून गिऱ्हाईक मडकं वाजवून घेतं, तसं वैजू रोज स्वतःचं कपाळ बोटानं वाजवून पाहायची.

आत्यानं ते पाहिलं. "काय गं, कच्चं निघालं का?"

"आत्या, मलाही आवाज येतील?"

आत्यानं चाक थांबवलं. "आपली माती एकाच खाणीतली, हे खरं. पण मला ओलं असतानाच उन्हात टाकलं. आई लवकर गेली, बाप मारायचा, मनातलं सांगायला कुणी नव्हतं. तुझा बापही त्याच उन्हात होता, तो नाही तडकला. नेमकं कुणालाच सांगता येत नाही, बाळा. पण तुला आम्ही सावलीत वाळवतोय. कधी काही खुपलं तर लपवू नकोस."

वैजू उठली. ऊन ओल्या मडक्यांपर्यंत सरकलं होतं. तिनं ती एकेक करून सावलीत नेली. मग आत्याला टेकून बसली आणि शेजारीण काय म्हणाली होती, ते सांगू लागली.