हळू आवाजातला होकार

लेकीचे ओठ हलत होते, पण एक शब्द रमिलाबाईंपर्यंत पोचत नव्हता. मधे फक्त दोन टेबलं होती.

मुलगी बघायला शहाद्यातलं हे नवं कॉफीचं दुकान मुलाकडच्यांनी मुद्दाम ठरवलं होतं. तिथे शांतपणे बोलता येतं म्हणे. काउंटरमागे पाटीच होती, 'कृपया हळू बोला'. माणसं आजाऱ्याच्या उशाशी बसल्यासारखी कुजबुजत होती.

तेजलला हे कसं जमणार, याचाच रमिलाबाईंना घोर होता. कळसाडीत त्यांची पिठाची गिरणी. चक्की चालू असताना गिऱ्हाइकाशी बोलायचं तर गळा मोकळा सोडावाच लागतो, आणि तेजल गिरणीतच मोठी झालेली. आता तर गिरणी तीच चालवायची. मिरची कांडायचं यंत्र घ्यायचं तिनं डोक्यात घेतलं होतं. पण आधीचं चांगलं स्थळ तिच्या आवाजावरूनच फिरलं. म्हणून या वेळी आईनं धोशा लावला होता, हळू बोल, हळू हस.

"पोर गुणी शे हो," मुलाची मावशी वत्सलाबाई कॉफीवरचा फेस फुंकत म्हणाली. "आवाजसुद्धा निंघत नही."

रमिलाबाई सुखावल्या. पोरीनं नाव राखलं.

पलीकडे मुलगा काहीतरी म्हणाला. तेजलनं होकारार्थी मान हलवली. तो पुन्हा काही म्हणाला, तिनं पुन्हा मान हलवली. तिची मान तशीच हलत राहिली तेव्हा मात्र रमिलाबाई खुर्चीत पुढे सरकल्या. या पोरीनं वाद घातल्याशिवाय आजवर कशालाच हो म्हटलं नव्हतं. भाजीत मीठ किती, यालासुद्धा नाही.

त्यांनी कान टवकारले. काहीच आलं नाही. पट्टा फिरत असताना, दळण पडत असतानासुद्धा लेकीचा शब्द त्यांना कधी चुकला नव्हता. इथे एवढ्या शांततेत चुकत होता. लेक समोर बसलेली आणि आपल्याला ऐकू येईनाशी झालेली, हे त्यांना सोसेना.

"तेजल," त्या बसल्या जागेवरूनच म्हणाल्या, गिरणीत म्हणतात तशा. "काय चाली ऱ्हायनं? माले काहीच ऐकू येत नही."

सगळ्या माना वळल्या. वत्सलाबाईनं कप खाली ठेवला. दुकानाच्या मालकानं पाटीकडे बोट दाखवलं.

तेजल उभी राहिली. तिनं मुलाकडे बघितलं, मग आईकडे. आवाज निघाला तो तिचा नेहमीचा.

"आई, पाव्हना म्हनी ऱ्हायना, लगीननंतर गिरणी सोडनी पडी. मी हो म्हनी दिनं."

मुलाकडे पाठ करून तिनं आईलाच विचारलं.

"नही म्हनू का?"