लिफ्टमधला मसुदा

लिहिलेला प्रत्येक शब्द ही एक जबाबदारी असते आणि ती सावकाशच पेलायची असते. बंद लिफ्टमध्ये उभं राहून इमारतीच्या सेक्रेटरींनी हे तिसऱ्यांदा सांगितलं. ऐकायला फक्त तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा होते, आणि त्यांना घाईची लागली होती.

"अरे, 'लिफ्ट अडकली' एवढं टाक ग्रुपवर आणि मोकळा हो!"

"मग लोक जिन्याने जातील, आजोबा. आपल्याला कोण काढेल?"

आत फोन लागत नव्हता, मेसेज तेवढे जात होते. पण सेक्रेटरी पोळलेले होते. गेल्या महिन्यात आजोबा लेकीकडे राहायला गेले, तेव्हा सेक्रेटरींनी घाईघाईत ग्रुपवर लिहिलं होतं, 'तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा गेले.' दहा मिनिटांत चाळीस जोडलेले हात आले. अर्ध्या तासात आजोबांच्या पार्किंगच्या जागेसाठी तीन अर्ज. तेव्हापासून सेक्रेटरी आधी कच्चा मसुदा करत, दोनदा वाचत, मगच पाठवत. पाणी येणार नसल्याची सूचना हल्ली पाणी आल्यावर पोचायची, पण तिच्यात एकही चूक नसायची.

'आम्ही अडकलो आहोत.' खोडलं. मीटिंगला दांडी मारणारे हेच लिहितात. 'आम्हाला बाहेर काढा.' तेही खोडलं. कमिटीची निवडणूक जवळ आली होती. विरोधकांनी ते आनंदाने मनावर घेतलं असतं.

"मी दार बडवतो!"

"कशालाही हात लावू नका. घाईतच घोटाळे होतात."

"घोटाळा आता इथेच होईल, सांगून ठेवतो!"

पंचविसाव्या मिनिटाला मजकूर तयार झाला. वेळ, ठिकाण, माणसं, अपेक्षित मदत. दोन अर्थ निघतील असा शब्द औषधालाही नाही. सेक्रेटरींनी तो मोठ्याने वाचून दाखवला.

"सुरेख," आजोबा पाय आवळून म्हणाले. "आता पाठव, तुझ्या पाया पडतो."

"फक्त 'त्वरित' हा शब्द जरा उतावळा..."

दार उघडलं. पहिल्या मजल्यावरच्या काकू पिशवी घेऊन समोर उभ्या. आजोबा त्यांना चुकवून वॉचमनच्या संडासाकडे सुटले.

"वर जायचंय का तुम्हाला?" काकूंनी विचारलं.

लिफ्ट तळमजल्यावरच होती. बटण दोघांपैकी कोणीच दाबलं नव्हतं.